वेचणीच्या गाण्यातली हजेरी

कालपासून आमच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागला आहे. बेल्याकडून आदिलाबादच्या बाजाराकडे ट्रॅक्टर जाऊ लागले की असं होतं. वर कितीही घट्ट जाळी बांधली तरी कापूस कडेने फुगून बाहेर येतो, आणि रस्त्यावर वाकलेल्या फांद्या जाता जाता त्याचा एकेक पुंजका काढून घेतात. सकाळी फिरायला निघते तेव्हा धुक्यात ते पुंजके ओले, करडे दिसतात. परत येईपर्यंत ऊन चढलेलं असतं आणि काट्याकाट्यावर पांढरं काहीतरी हलत असतं. मी थोडं वेचून रुमालात बांधून आणते. त्याची उशी होत नाही की वात होत नाही. पण सांडलेलं वेचायची बोटांची सवय जुनी आहे, इंग्रजीच्या पदवीनेही ती गेली नाही.

मैत्रेयी, परवा तू फोनवर विचारलंस की संगीताचा अभ्यास म्हणजे पुढच्या काळात नेमका कशाचा अभ्यास असणार. तुला अर्ज भरायचा होता. तुला संगीत हवं, शरीरशास्त्र हवं, थोडी भाषाही हवी. आणि अर्जात 'विषय' या शब्दापुढे एकच चौकट होती. मागून निशांत ओरडला, "ताई, यंत्रं गाणी रचायला लागली, आता कसला अभ्यास करतेस!" त्याच्या बोलण्यात खोडी होती. तुझ्या गप्प बसण्यात मात्र भीती होती, ती मला इतक्या दुरून ऐकू आली. मी आजीला नव्हे, मुख्याध्यापिकेला शोभेल असं उत्तर दिलं: सूचना नीट वाच, मुदत चुकवू नकोस. फोन ठेवल्यावर वाटलं, हे काही उत्तर नव्हे. उत्तर माझ्याकडे आहे, पण ते तीन वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात पसरलेलं आहे. ते तुम्हा दोघांसाठी लिहून ठेवते.

तुम्ही कौसाला पाहिलेलं आहे. लहानपणी सुट्टीत आलात की तुम्हाला भाजलेली तूर द्यायची ती. माझ्याच वयाची. आमची घरं विहाराच्या मागच्या गल्लीत, दोन दारं सोडून. आमच्या आया एकाच शेतमालकाकडे रोजाने जायच्या, आणि वेचणीच्या दिवसांत शाळेला सुट्टी नसली तरी आम्हा दोघींना असायची. पुढे माझ्या वडिलांनी हट्टाने मला आदिलाबादच्या वसतिगृहात घातलं. मी इंग्रजी शिकले, मग आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. कौसा वावरातच राहिली आणि म्होरकीण झाली.

म्होरकीण हे काही छोटं पद नव्हे. कापूस वेचायला बाया एका रांगेत उभ्या राहतात. प्रत्येकीच्या वाट्याला पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळी येतात, त्याला पात म्हणतात. सगळ्या आपापली पात धरून एकदम पुढे सरकतात. गाणं उचलते ती म्होरकीण, बाकीच्या ते मागून झेलतात. कौसाचा आवाज गोड नव्हता. जाडसर, थोडा खरखरीत, पण वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तुटत नसे. शाळेच्या मैदानावर मी शिट्टी वापरायचे, तिला ती कधी लागली नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी तिची गाणी उतरून घेतली. जाड पुठ्ठ्याची वही, डावीकडे समास, प्रत्येक गाण्याला क्रमांक. माहेरची गाणी एका भागात, सासरची दुसऱ्या, भावाची तिसऱ्या, पीकपाण्याची शेवटी. कौसा गाता गाता मध्येच थांबून विचारायची, "हे लिवलं का इंदू?" मी म्हणायचे, "ते गाण्यात येत नाही गं, ते सोडून पुढचं सांग." ती हसायची. "बरं बाई, तू शिकलेली." अशी ती वही झाली. स्वच्छ, एकही खाडाखोड नसलेली. मला तिचा फार अभिमान होता.

त्यातलं एक गाणं मला अजून रोज आठवतं:

पराटीच्या बोंडात चार घरं गं
चौघी लेकी मायच्या, चार दारं गं
बोंड फुटलं उन्हानं, वारा आला गं
कोन कोन्या गावी गेली, कोनाले ठाव गं

तुम्ही दोघं आणि तुमचे आईबाबा इतक्या लांब राहता, म्हणून ते आठवतं असं समजू नका. चांगलंच आहे ते. बोंडाची घरं खरोखर चार असतात, कधी पाच. गाणाऱ्या बाईने मोजलेली असतात.

तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास कौसाला लकवा मारला. आदिलाबादच्या दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा उजवा पाय ओढत का होईना चालत होती, पण शब्द गेले होते. समजायचं सगळं. मी नवा चष्मा लावून तिच्याकडे गेले तर तिने चष्म्याकडे बोट करून डोळे मिचकावले. पण बोलायला तोंड उघडलं की एकच शब्द यायचा, "ते". पाणी हवं तर ते, भाकर नको तर ते, राग आला तरी ते.

तिचा मुलगा ट्रक चालवतो, हैदराबाद ते नागपूर. घरी असते ती सून, वनिता. सासूसून दोघीच. वनिता एकदा माझ्याकडे विरजण मागायला आली आणि भांडं हातात धरून तशीच उभी राहिली.

"काय झालं गं?"

"शिव्या देल्या तरी चालन वो म्याडम," ती म्हणाली, "पन आत्यानं एकडाव नावानं हाक मारावं. साऱ्या गावाले हाका मारत फिरे थे बुढी. आता मले 'ते, ते' करते. मी का भांडं हाओ?"

सासूने नुसतं बरं व्हावं एवढ्यावर तिचं समाधान नव्हतं. तिला आपलं नाव परत हवं होतं. त्या हिवाळ्यात आम्ही जे काही केलं ते या एका मागणीसाठी केलं, हे विसरू नका. कारण पुढे यात मोठमोठे शब्द येतील.

दर शनिवारी आदिलाबादहून नाझनीन नावाची मुलगी आमच्या बेल्याला यायची. वाचा-उपचार हे तिचं काम. गावातल्या बाया तिला 'बोलीची डाक्टर' म्हणायच्या. ती चमचा दाखवायची, "दादी, ये क्या है?" कौसा म्हणायची, "ते." ती फणी दाखवायची. "ते." नाझनीन न कंटाळता तिसरी वस्तू काढायची. एका शनिवारी कौसा डाव्या हाताने तूर निवडत होती आणि नकळत काहीतरी गुणगुणत होती. नाझनीनने कान दिला आणि मग माझ्याकडे वळली.

"मैडम, बोलने का दरवाजा बंद है, मगर गाने की खिड़की खुली दिखरी मेरे को. किसी किसी में होता ऐसा. पक्का नहीं बोलती मैं. इनके गाने कोई लिख के रखा क्या?"

कोई लिख के रखा क्या! मी घरी जाऊन वही घेऊन आले, तेव्हा मला बक्षीस समारंभाला निघाल्यासारखं वाटत होतं.

त्याच दिवसांत माझ्या पुढच्या खोलीत स्वप्ना राहत होती. हैदराबादला संगीतात संशोधन करणारी, करीमनगरकडची तेलुगू मुलगी. आधी शेतीची पदवी घेतलेली. मग एक दिवस भाताच्या लावणीची गाणी ऐकता ऐकता तिच्या मनात आलं की रोपांमधलं अंतर आणि गाण्यातला ठेका यांचा काही संबंध असेल का. तेवढ्यासाठी तिने विषय बदलला. तिला संगीतवाले विचारायचे, तू शेतीकडची का? शेतीवाले विचारायचे, तू गाण्याकडची का? ती हे हसत सांगायची, पण जेवताना एकदा म्हणाली, "अम्मा, मी कुठल्या दारातून आत जाऊ तेच कळत नाही." मैत्रेयी, तुझी चौकट मला पहिल्यांदा तिच्या तोंडून भेटली होती.

स्वप्नाने माझ्या वहीतली गाणी पाठ केली. तिचा गळा तयारीचा, सूर स्वच्छ. शनिवारी ती कौसाच्या समोर बसून गायची, नाझनीन कौसाचा डावा हात गुडघ्यावर ठेक्यात आपटायला लावायची. कौसा ऐकायची, पण दुसऱ्याच्या घरचं मूल कविता म्हणून दाखवतं तेव्हा आपण ऐकतो तशी. चार ओळी संपल्या की ती हनुवटी उचलायची, थांबायची, कशाची तरी वाट पाहायची. स्वप्ना पुढचं कडवं सुरू करायची आणि कौसाचा चेहरा पडायचा. असे तीन शनिवार गेले. वनिता दारात उभी राहून पाहायची आणि पुन्हा आत जायची.

चौथ्या शनिवारी नाझनीन म्हणाली, "हर बार इधरीच रुकती दादी. इधर कुछ है क्या, मैडम?"

मी वही उघडून पाहिलं. तिथे पूर्णविराम होता.

"काही नाही," मी म्हणाले.

वनिता चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "नाई कशी? इथं हाका असते ना."

"कसल्या हाका?"

"हाका वो. चार वळी झाल्या का म्होरकीन नाव घेते. गंगू गं म्हनलं का गंगू 'हाव' म्हनते. शांता गं म्हनलं का शांता 'हाव' म्हनते. साऱ्या रांगंचं झालं का मंग पुढचं कडवं. हाकाच नाई तं आत्या पुढं कशी जाईन?"

कप माझ्या हातात तसाच राहिला. 'ते गाण्यात येत नाही गं, ते सोडून पुढचं सांग.' प्रत्येक गाण्यात, प्रत्येक चार ओळींनंतर कौसाने मला नावं सांगितली होती, आणि मी ती पाल्हाळ म्हणून गाळली होती. लहानपणी रांगेच्या कडेने वेचताना त्या हाका माझ्याही कानावरून गेल्या असणार, पण पोरींची नावं त्यात नसत. पऱ्हाटी छातीइतकी वाढलेली असते. वाकलेल्या बाया एकमेकींना दिसत नाहीत. कोणाला भोवळ येते, कोणाच्या पायाखाली साप निघतो. 'हो' म्हणणारं ते 'हाव' आलं नाही तर रांग थांबते, माणूस शोधलं जातं. गाण्यात हजेरी होती! मी साऱ्या नोकरीभर रोज सकाळी साडेनऊला हजेरी घेतली, आणि हजेरी समोर गात बसली होती ती मला ओळखता आली नाही.

दुसरीही चूक होती, ती स्वप्नाने काढली. मी गाणी विषयवार लावली होती. कौसा ती वेळेप्रमाणे गायची. सकाळी दव असतं, बोंडाभोवतीचा पाला ओला, मऊ असतो, तो कापसाला चिकटत नाही. हात सरळ जातो, म्हणून सकाळची गाणी लांब ओळींची. दुपारी तोच पाला वाळून त्याचा चुरा होतो, प्रत्येक बोंडाला तो फुंकून, झटकून काढावा लागतो. म्हणून दुपारची गाणी तुटक. माझ्या वहीत सकाळ आणि दुपार एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. हे शेती शिकलेल्या मुलीला दिसलं, संगीत शिकलेल्या मुलीला ऐकू आलं, आणि ती एकच मुलगी होती.

निशांत, तुझ्यासाठीही यात काही आहे. स्वप्नाने आदल्या हंगामात बांधावर यंत्र ठेवून केलेलं रांगेचं ध्वनिमुद्रण मी तिला मागितलं, निदान त्यात तरी नावं असतील म्हणून. ती ओशाळली. तिने ते संगणकावर साफ करून घेतलं होतं. गाण्याच्या मध्येच दुरून येणाऱ्या त्या हाका, ते 'हाव', सगळं यंत्राने गोंगाट समजून पुसून टाकलं होतं. मला हसू आलं, आणि यंत्राबद्दल थोडी माया वाटली. आम्ही दोघंही एकाच शाळेत शिकलेलो.

मग पुढचा रविवार ठरला. कौसाला बैलबंडीत बसवून वावरात नेलं, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबाखाली बाज टाकली. नाझनीन सुट्टीचा दिवस सोडून आली, तिने बाजेच्या पायथ्याशी चटई घातली. ऊन अजून पिवळं होतं. वावरभर कच्च्या सरकीचा तो ओलसर, थोडा तेलकट वास. बायांनी वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओट्या बांधल्या. मीही बांधली. पन्नासहून जास्त वर्षांनी. वाळलेल्या बोंडाची टोकं किती तीक्ष्ण असतात ते बोटांना पहिल्याच झाडाला आठवलं.

गंगू, रांगेतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात तिखट, माझ्याकडे पाहून म्हणाली, "काय वो म्याडम, असं एकेक बोंड तपासून राह्यल्या? पास-नापास करता का?"

"नापास झालेलं तुझ्या ओटीत टाकीन," मी म्हणाले. बाया हसल्या.

म्होरकीण म्हणून स्वप्ना गाणार होती. तिने गाणं उचललं, चार ओळी झाल्या, आणि तिने सगळ्यात पुढे गेलेल्या बाईचं नाव घेतलं. "गंगू गं!"

"हाव!"

"शांता गं!"

"हाव!"

बाजेवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. कौसा डाव्या हाताने बाजेची चौकट बडवत होती. तोंड लाल झालेलं. "ना... ना... तसं नाई!"

सगळं वावर थांबलं. वनिताच्या हातातला पाण्याचा गडू कलंडला. 'ते'शिवाय निघालेले ते पहिले शब्द, आणि ते चूक काढण्यासाठी निघाले होते. शिक्षकी पेशात आयुष्य काढलेल्या बाईने याहून मोठं काय ऐकावं?

नाझनीन मात्र दबक्या आवाजात ओरडली, "रुको नक्को! गाओ, गाते रहो!"

स्वप्नाने पुन्हा चार ओळी घेतल्या. या वेळी कौसाचा आवाज तिच्या आवाजाखालून आला, घोगरा, चाचरत, मग मोकळा. चार ओळी सरल्या. कौसाने रांगेवर सावकाश नजर फिरवली आणि गायली, "इंदू गं..."

मी उत्तर दिलं नाही. मला कळलंच नाही. तुमचे आजोबा गेल्यापासून या गावात मला इंदू म्हणणारी ती एकटीच होती, आणि तीही महिने झाले गप्प होती.

"ओ म्याडम!" गंगू ओरडली. "हजेरी द्या ना!"

"हाव," मी म्हणाले. माझा आवाज वहीसारखा नीटनेटका आला नाही.

मग कळलं की स्वप्नाचं काय चुकलं होतं. हाक पुढच्या बाईपासून सुरू करायची नसते, सगळ्यात मागे राहिलेलीपासून करायची असते. आणि त्या दिवशी सगळ्यात मागे मी होते. माझ्यानंतर शांता, मग गंगू. शेवटी तिने एक नाव घेतलं, "पारबता गं..." रांगेतल्या जुन्या पारबताला जाऊन चार वर्षं झाली होती. मग गंगूनेच खाली मान घालून हळूच म्हटलं, "हाव."

एवढं सगळं झालं, पण वनिताचं नाव आलं नाही. ती बाजेजवळ रिकामा गडू घेऊन उभी होती. "मले नाई मारली हाक," ती म्हणाली.

"तू रांगंत कुठं होतीस?" गंगू म्हणाली. "बाजंपाशी उभं राह्यलं तं कोन हाक मारन?"

नाझनीनला हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा ती टाळी वाजवून म्हणाली, "सही बोली ये! बहू को लाइन में डालो. सबसे पीछे."

वनिता गावातली सगळ्यात चपळ वेचणारी. दुसऱ्या दिवसापासून ती मुद्दाम मागे राहू लागली. एका बोंडाचा कापूस ती चार वेळा काढायची. धुऱ्यावरून शेतमालक ओरडला, "अवो वनिताबाई, काऊन मांगं पडून राह्यली आज?" गंगूने परस्पर उत्तर दिलं, "दवा चालू हाय तिची!" त्याला काही कळलं नाही, आणि कोणी समजावलंही नाही. पंधरा-सोळा दिवस रोज सकाळी कौसा मागच्या बाईकडे पाहायची, ओठ हलवायची, आणि तिथे शांताचं नाहीतर माझं नाव घ्यायची. सतराव्या दिवशी गाण्यातून नाव आलं, "वनिता गं..." वनिताने इतक्या जोरात 'हाव' म्हटलं की तुरीतून पाखरं उडाली.

पण नाझनीन खरं बोलणारी मुलगी आहे. ती म्हणाली, हे गाण्यातलं नाव आहे. गाण्यातून बोलण्यात येण्याची वाट लांब असते आणि प्रत्येकाला ती पार करता येत नाही. ती वाट तिने कशी आखली ते पाहण्यासारखं होतं. आधी पूर्ण चाल, मग नुसता ठेका, मग अर्धी चाल, मग जवळजवळ बोलणं. वनिता रोज सकाळी भाकरी झाल्यावर सासूचा डावा हात हातात घेऊन गुडघ्यावर आपटायची आणि दोघी 'पा-नी', 'भा-कर', 'व-नि-ता' करत बसायच्या. चाल काढून घेतली की शब्द पडायचा. पुन्हा चाल द्यायची. मी इतकी वर्षं मुलांना वाचायला शिकवलं, पण इतका धीर माझ्यात कधी नव्हता हे मला कबूल केलं पाहिजे.

त्या हिवाळ्यात मी बऱ्याचदा त्या कडुनिंबाखाली बसून पुढचं चित्र पाहायचे. संगीताचा विभाग एका इमारतीत मावणार नाही, असं मला दिसायचं. मेंदूचा अभ्यास करणारा येईल आणि विचारेल, शब्दांचं घर कोसळतं तेव्हा चालीचं कसं उभं राहतं? ध्वनीचा अभ्यास करणारा दवात आणि उन्हात, पऱ्हाटीवरून आवाज किती लांब जातो ते मोजेल. शेतीवाला सांगेल की आता कपाशी दाट लावतात, झाड बुटकं ठेवतात. मग बाया एकमेकींना दिसू लागल्या तर हाका राहतील का? यंत्राने वेचणी सुरू झाली तर यंत्र काय ऐकेल? आणि निशांतसारखा कोणीतरी यंत्राला शिकवेल की बाबा रे, ज्याला तू गोंगाट समजतोस ते माणूस जिवंत असल्याची खूण आहे, ते पुसू नकोस. ही सगळी माणसं वेगवेगळ्या दारांनी येतील, पण रांग एकच धरतील, प्रत्येकाची आपली पात. आणि त्या रांगेत गंगू असेल, वनिता असेल. त्यांना माहिती देणाऱ्या बाया म्हणू नका. पूर्णविरामात काय होतं ते ज्यांना ठाऊक होतं, त्या जाणकार.

हे माझं स्वप्नरंजन नाही. स्वप्नाच्या प्रबंधात हे थोडं घडलेलं आहे. तिने एका पानावर माझ्या वहीतलं गाणं आणि समोर हाकांसहित गाणं छापलं. छापण्यापूर्वी माझ्याकडे येऊन चाचरत म्हणाली, "अम्मा, तुमची चूक घेऊ का?"

"नावासकट घे," मी म्हणाले. "पण अक्षर चांगलं होतं हेही लिही."

परीक्षकांनी तिला विचारलंच, हा प्रबंध नक्की कुठल्या विषयाचा? ती म्हणाली, मागे राहिलेलीपासून हाक सुरू करण्याचा. मला वाटतं ते त्यांना पटलं असावं, कारण आता ती शिकवते, आणि तिच्या वर्गात दवाखान्यातली दोन आणि शेती महाविद्यालयातलं एक अशी पोरं बसतात. मैत्रेयी, चौकट एकच असेल तर 'संगीत' असंच लिही. शब्द छोटा वाटेल, पण त्यात घरं बरीच आहेत. बाकीचं लिहायला मागचं पान कोरं असतं, आणि ते मागणारं कोणीतरी तुला भेटेल. मला खात्री आहे, कारण मी अशा दोन मुली माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत, एक दादीच्या पायाशी चटईवर बसलेली आणि एक चुकीच्या टोकापासून हाका मारणारी.

त्या हंगामाची शेवटची वेचणी माघात झाली. पऱ्हाटी वाळून काळी पडलेली, बोंडं विरळ, हाताला लागणारा कापूस कमी आणि ओरखडे जास्त. अशा दिवशी कोणी गात नाही. बाया आपापल्या पातीत, आपापल्या विचारात. नाझनीन आलेली नव्हती, स्वप्ना हैदराबादला परतली होती. कौसा कडुनिंबाखाली बाजेवर, मी तिच्या पायाशी बसून बोटातलं कूस काढत होते. वनिता पार तुरीच्या कडेला, पाठमोरी. त्या दिवशी तिला मागे राहण्याचं काही कारण नव्हतं, ती सगळ्यांच्या पुढे होती.

कौसाने गडूकडे पाहिलं, तो रिकामा होता. मी उठणार इतक्यात ती वावराकडे वळली.

"वनिता, पानी आन."

चाल नव्हती. ठेका नव्हता. भरदुपारी तहान लागलेल्या सासूने सुनेला मारावी तशी, थोडी चिडकी हाक.

"हाव!" वनिताने तिकडून उत्तर दिलं, मान न वळवता, आणि आणखी दोन बोंडं वेचली. मग तिचे हात थांबले. तिच्या लक्षात आलं होतं की वावरात कोणी गात नव्हतं.